एफ, ओ, बार, के, वाय, सेमी : एका शाळेच्या ऑफिसातला स्क्रीन रीडर

गुहागर तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलातलं हे प्रकरण. शाळेचं आणि माणसांचं नाव देत नाही. तालुका लहान आहे, चार खुणा सांगितल्या की पाचवी लोक स्वतःच ओळखतात. मी शृंगारतळीला कॉम्प्युटरचा क्लास आणि डीटीपीचं दुकान चालवतो. अंधांच्या शिक्षणातला मी जाणकार नाही. या प्रकरणात शिकवायला म्हणून शिरलो, आणि निम्म्या वाटेवर कळलं की अडचणीचा मोठा वाटा माझ्याच दुकानातून गेलेला होता.

ज्यांच्याबद्दल लिहितोय ते शाळेचे लिपिक. शाळेत लिपिकाला भाऊसाहेब म्हणतात, तेच इथे चालू दे. वय ४७, नोकरीची २३ वर्षं झालेली. दाखले, बोनाफाईड, पगारबिलं, जनरल रजिस्टर, परीक्षा फीचा हिशेब, सगळं एका टेबलावर.

डोळे

डॉक्टरांनी नाव सांगितलं रेटिनायटिस पिगमेंटोजा. आनुवंशिक आजार. डोळ्याच्या पडद्यातल्या मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी आधी जातात, म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते. मग कडेची नजर आवळत येते आणि मधलं एक भोक उरतं. भाऊसाहेबांच्या बाबतीत सुरुवात पाखाडीवर झाली. संध्याकाळी शाळेतून घरी उतरताना पायरी चुकायची. वाडीत बोलणं सुरू झालं, ‘भाऊसाहेब हल्ली घेतात वाटतं.’ थेंबाला न शिवणारा माणूस, पण रातांधळेपणा आहे हे सांगण्यापेक्षा लोकांना तसं वाटू देणं त्यांना सोपं वाटलं. हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं.

मधल्या भोकातून कसं दिसतं विचारलं तर म्हणाले, “लहानपणी पपईच्या पानाची नळी डोळ्याला लावायचो ना, तसं. एका वेळी एक शब्द. पुढचा शब्द शोधायला मान फिरवायची.”

अशा नळीतून त्यांनी तीन वर्षं ऑफिस चालवलं. कुठल्या कपाटात कुठल्या सालचं रजिस्टर, दाखला पुस्तकात किती पानं उरली, सगळं पाठ. मग एका मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर रजिस्टरातल्या वरच्या ओळीची जन्मतारीख पडली. पुढच्या कॉलेजात प्रवेश अडला, बाप तावातावाने शाळेत आला आणि झाकलेलं उघडं पडलं.

नोकरी राहिली, काम गेलं

संस्थेच्या बैठकीत स्वेच्छानिवृत्तीचा विषय निघाला. वाईट हेतूने नाही. लोकांना खरंच दुसरं काही सुचत नव्हतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम २० मधलं चौथं पोटकलम सांगतं की नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा हुद्दाही उतरवता येत नाही. त्या पदाचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं, तेही नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. कायद्यातल्या ‘शासकीय आस्थापना’ या शब्दाच्या व्याख्येत सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात. हेडसरांनी हे वाचून दाखवलं आणि निवृत्तीचा विषय तिथेच मिटला.

पण हेडसरांनीच पुढचा प्रश्न विचारला, “नोकरी राहील हो, पण काम कोण करणार?” प्रश्न रास्त होता. भाऊसाहेबांना नुसतं खुर्चीत बसणं नको होतं. “पगार घेऊन मखरात बसायला मी काय गणपती आहे?” हे त्यांचं वाक्य हेडसरांनी मला फोनवर ऐकवलं आणि म्हणाले, “सर, तुम्ही कॉम्प्युटरवाले. बघा काही.”

मी केलेली पहिली चूक

त्यांच्या भाच्याने पुण्याहून लॅपटॉप पाठवला होता आणि त्यात एका महागड्या स्क्रीन रीडरची, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामची, चाचणी-प्रत टाकून दिली होती. ती दर चाळीस मिनिटांनी गप्प व्हायची, मशीन बंद करून चालू केलं की पुन्हा बोलायची. भाऊसाहेबांची समजूत अशी की लॅपटॉप गरम होतो. ते वहिनींना पंखा धरायला लावत.

मी ती काढली आणि एनव्हीडीए हे दुसरं स्क्रीन रीडर घातलं. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतलं, पुढे जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र सामील झाला. फुकट आहे, पेन ड्राइव्हवरूनही चालतं आणि त्यातला ई-स्पीक हा आवाज मराठी बोलतो. बोलतो म्हणजे कसा, तर गोऱ्या पाहुण्याने व्याकरणाचं पुस्तक पाठ करून यावं तसा. चाकातला ‘च’ आणि चहातला ‘च’ त्याला एकच. भाऊसाहेब पहिले दोन दिवस हसले, तिसऱ्या दिवशी म्हणाले, “पाहुणा जरा हळू बोलतोय, वाढवा वेग.” हल्ली ते ज्या वेगाने ऐकतात तो मला नुसता भुंगा वाटतो.

सुरुवात इन्सर्ट आणि १ ने केली. ही कळ दाबली की पुढे दाबाल ती कळ फक्त आपलं नाव सांगते, काम काही करत नाही. आठवडाभर तेवढंच. मग इन्सर्ट-टी ने खिडकीचं नाव, इन्सर्ट-एफ १२ ने वेळ, इन्सर्ट आणि खालचा बाण दाबला की इथून पुढे सगळं वाच, कंट्रोल दाबलं की गप्प. इथवर छान गेलं.

चूक केली टायपिंगला. मी ठरवून टाकलं की युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला कळणारं मराठी, टाइप करायचं तर इनस्क्रिप्ट हीच कळांची मांडणी. मांडणी शास्त्रशुद्ध आहे, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. एफ आणि जे या कळांवर बोटाला लागणारे उंचवटे असतात, तिथे ऱ्हस्व वेलांटी आणि ‘र’ येतात, म्हणजे अंध माणसाला घर सापडायला सोपं. मला हे फार सुंदर वाटलं. भाऊसाहेब महिनाभर झगडले. एक ओळ टाइप करायला दहा मिनिटं, वर घाम. एके दिवशी लॅपटॉप पुढे सरकवून म्हणाले, “सर, मी चिपळूणला टाइपरायटरवर मराठी तीसची परीक्षा पास झालोय. त्या वेळीही कळांकडे बघायचं नाही असंच शिकवलं होतं. मग आता काय बिघडलं?”

बिघडवलं मी होतं. त्यांच्या बोटांत २५ वर्षांची रेमिंग्टन मांडणी मुरलेली होती आणि मी ती खरवडून काढत होतो. युनिकोडमध्येही रेमिंग्टन मांडणी मिळते. वेलांटी आधी, अक्षर नंतर, टाइपरायटरसारखंच. ती घातली आणि त्याच दुपारी त्यांनी रजेचा अर्ज एका दमात टाइप केला. स्वतःचा नव्हे, शिपाई मामांचा. मामा शेजारी उभे राहून स्क्रीनकडे बघत होते आणि माझ्याकडे बघून मान डोलावत होते.

माझी अक्षरं

आता मुख्य गोष्ट.

लॅपटॉप तयार, बोटं तयार, म्हणून ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या फाइल आणल्या. दाखल्याचा नमुना उघडला. पाहुणा बोलायला लागला आणि जे काही बाहेर पडलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. भाऊसाहेबांना वाटलं आवाज बिघडला. मी बाणाने एकेक अक्षर ऐकवलं. शाळेच्या नावातल्या ‘विद्यालय’ या शब्दावर तो म्हणाला, “एफ, ओ, बार, के, वाय, सेमी.” खाली ‘दाखला’वर, “एन, के, लेफ्ट ब्रॅकेट, के, वाय, के.”

भाऊसाहेबांनी विचारलं, “हे कोणी टाइप केलंय?”

मीच. जवळपास बारा वर्षं त्या शाळेची सगळी पत्रं, नमुने, शाळा समितीची इतिवृत्तं माझ्या दुकानातून कृतिदेव या जुन्या फॉन्टात टाइप होऊन गेली होती. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या फॉन्टांत कॉम्प्युटरच्या पोटात मराठी नसतंच. तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात आणि वर फॉन्टचं सोंग चढवलेलं असतं. आमच्याकडे नमन या लोकनाट्यात येतं तसं: बाहेरून रावण, आत वाडीतलाच कोणी. डोळस माणूस रावण बघून खूश होतो. स्क्रीन रीडरला सोंग दिसत नाही, तो आतल्या माणसाला नावाने हाक मारतो. युनिकोडमध्ये ‘व’ला स्वतःचा क्रमांक आहे, वेलांटीला स्वतःचा. देवनागरीसाठी १२८ जागांचा गट १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून राखलेला आहे. म्हणजे मी दुकान उघडलं त्याच्या कितीतरी आधीपासून सोय होती. पण माझं पेजमेकर युनिकोड घेत नव्हतं, टायपिंगला येणाऱ्या मुलींचा हात जुन्या मांडणीवर बसलेला आणि गिऱ्हाइकाला कागदावर छापून हवं असायचं. छापलं की झालं. आम्ही मराठी टाइप करत नव्हतो, मराठीची चित्रं काढत होतो, आणि हे बारा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही. विचारणारा पहिला माणूस न दिसणारा निघाला.

फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. त्यांतून फाइल काढल्या. बहुतेक मजकूर सरळ आला. रफार काही ठिकाणी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला. गंमत झाली ती मध्येच इंग्रजीत असलेल्या शब्दांची. कन्व्हर्टरला काय ठाऊक कुठला इंग्रजी खरा आणि कुठला सोंगातला; त्याने इयत्तेसाठी लिहिलेलं एस, टी, डी घेतलं आणि त्याचं केलं मात्रा, ज, क. पाहुणा दर वर्गापुढे ‘जक दहावी’, ‘जक नववी’ म्हणत राहिला. ऑफिसात अजूनही इयत्तेला गमतीने जक म्हणतात.

सगळ्या जुन्या फाइल बदलायचा उत्साह मला होता, भाऊसाहेबांना नव्हता. ते म्हणाले, “२०११ चं स्नेहसंमेलनाचं निमंत्रण कोण ऐकणार आहे?” शेवटी रोज लागणारे १८ नमुने निवडले आणि ते त्यांनी स्वतः नव्याने टाइप केले. बाकीच्या फाइल लागतील तेव्हा बदलायच्या. हा निर्णय त्यांचा, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा.

नाव ऐकू येतं, स्पेलिंग येत नाही

दाखल्यातली एक अडचण मला अजिबात सुचली नव्हती. ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ कानाला सारखंच लागतं. दाखल्यावर मात्र वेलांटी चुकली तर त्या मुलीला पुढे आधारपासून पासपोर्टपर्यंत फेऱ्या. ब्रेल येणाऱ्याला, ब्रेलच्या टाचण्या वरखाली होणारी पट्टी जोडली तर ऱ्हस्व-दीर्घ बोटाला वेगळं लागतं. १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये दोन्ही वेलांट्यांना वेगळे ठिपके आहेत. पण ती पट्टी महाग, आणि ४७ व्या वर्षी ब्रेल शिकायचा धीर त्यांनी अजून केलेला नाही. म्हणून नियम केला: नाव, आईचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख एकेक अक्षर बाणाने ऐकायची, दोनदा. दुसऱ्यांदा उलटीकडून. उलटीकडून का, तर सरळ ऐकताना डोकं आपोआप पुढचं अक्षर भरून टाकतं. ही युक्ती मी कुठे शिकवली नव्हती.

जनरल रजिस्टर हस्ताक्षरातलं. चार पिढ्यांच्या भाऊसाहेबांची अक्षरं, काहींची शाई उडालेली. तिथे कुठलंच यंत्र कामाचं नाही. म्हणून दुपारच्या सुट्टीनंतर शिपाई मामा वाचतात आणि भाऊसाहेब एक्सेलमध्ये टाइप करतात. मामा सातवी शिकलेले, वाचन सावकाश आणि मोठ्याने, चुकलं तर दुरुस्त करून घ्यायला लाजत नाहीत. एनव्हीडीएला एकदा सांगून ठेवता येतं की कॉलमांची शीर्षकं या ओळीत आहेत. मग शेजारच्या कॉलमात सरकलं की आकड्याआधी ‘जन्मतारीख’ किंवा ‘शेरा’ असं ऐकू येतं. त्यासाठी मी आधी बनवून दिलेल्या तक्त्यातले जोडलेले चौकोन मोडावे लागले. दिसायला ते छान होते.

वरून येणारी परिपत्रकं ही वेगळीच तऱ्हा. कॉम्प्युटरवर टाइप करतात, छापतात, सही-शिक्का मारतात, मग त्या कागदाचा फोटो काढून पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. ऐकायला गेलं तर रिकामं पान. एनव्हीडीएतून चालणारी, चित्रातली अक्षरं ओळखणारी विंडोजची सोय मराठीच्या वाटेला गेली नाही. गूगल ड्राइव्हवर टाकून डॉक्समध्ये उघडलं तर मजकूर बऱ्यापैकी सुटा होतो. फक्त जावक क्रमांक आणि तारीख नेमकी शिक्क्याखाली सापडते. तेवढ्यासाठी मामांना हाक.

आणि कॅप्चा. पगारबिलाच्या पोर्टलवर वाकडी-तिकडी अक्षरं चित्रात येतात, ऐकण्याची सोय नाही. पासवर्ड पाठ, कामाचा अनुभव २३ वर्षांचा, पण दारातच दुसऱ्या कोणाचे तरी डोळे उसने घ्यायचे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण बँकांच्या केवायसीचं होतं. भाऊसाहेबांनी ती बातमी मला फॉरवर्ड केली, खाली लिहिलं होतं, “आमचं पोर्टल कधी?”

पाऊस

हे कोणी मॅन्युअलमध्ये लिहिणार नाही, म्हणून लिहितो. ऑफिसवर पत्रा आहे. जून लागला आणि पहिल्या जोराच्या सरीत पाहुणा ऐकूच येईना. हेडफोन आणले, तर दारात आलेला पालक ऐकू येईना. एक बाई दहा मिनिटं उभी राहून निघून गेली. आता एका कानात इअरफोन, दुसरा मोकळा, आणि टेबलावर घंटी. लाईट जाते म्हणून लॅपटॉपच बरा, बॅटरी दोन तास चालते. खाऱ्या हवेने दुसऱ्या पावसाळ्यात इअरफोनची पिन हिरवी पडली. ती महिन्यातून एकदा खोडरबराने घासतात. रबर ऑफिसचाच.

परीक्षा फी रोखीत येते. रिझर्व्ह बँकेचं मनी हे नोट ओळखणारं अ‍ॅप १ जानेवारी २०२० ला आलं, ते फोनमध्ये घालून दिलं. थोडे दिवस वापरलं, मग बोटांवर आले. नव्या नोटांत १०० ची लांबी १४२ मिलिमीटर, २०० ची १४६, ५०० ची १५०. चार-चार मिलिमीटरचा फरक. पुठ्ठ्याची एक पट्टी कापून तिच्यावर तीन खाचा पाडल्या आहेत. सहीसाठीही पुठ्ठाच, मध्ये आडवी फट, ती योग्य जागी ठेवून फटीत सही करतात. हेडसरांची सही त्यांच्यापेक्षा जास्त भरकटते, हे शिपाई मामांचं मत.

आजची स्थिती अशी. दाखले, बोनाफाईड, पत्रव्यवहार, फीचा हिशेब भाऊसाहेब एकटे करतात. पगारबिलाला कॅप्चापुरता एक शिक्षक लागतो. रजिस्टर १९८७ पर्यंत मागे गेलंय, मामा निवृत्त व्हायला दोन वर्षं आहेत आणि त्यांच्या आत १९६० गाठायचं असं दोघांनी ठरवलंय. डोळ्यांत आता फक्त उजेड-अंधार उरलाय.

माझ्या दुकानात पत्रं युनिकोडमध्ये जातात. लग्नपत्रिका मात्र अजून जुन्याच फॉन्टात, नक्षीदार अक्षर लोकांना तिथेच हवं असतं. मागच्या मे महिन्यात भाऊसाहेबांचा फोन आला. त्यांच्या मेहुण्याकडचं लग्न, पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र म्हणून आलेली. फोनमधल्या गूगल लेन्सने नवरा-नवरीचं नाव ओळखलं, पण मुहूर्त वेलबुट्टीत हरवला. “पत्रिकेवर खाली तुमच्या दुकानाचं नाव आहे असं मुलगी म्हणाली. तेव्हा आता वाचा.” मी दुकानात गिऱ्हाईक उभं असताना श्री गणेशाय नमःपासून वाचायला लागलो. तिथी, मुहूर्त, हॉलचा पत्ता सांगून थांबलो.

“आणि खालचं?”

“खालचं काय?”

“बारक्या पोरांचं असतं ते. वाचा की.”

“आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं,” मी वाचलं. गिऱ्हाईक माझ्याकडे बघत राहिलं.

तेव्हापासून पत्रिकेच्या चित्राबरोबर साधा टाइप केलेला मजकूरही पाठवतो. पोरांच्या ओळीसकट.